मैफलीत भावलेला गायक घरी ऐकताना: एलपी की मैफलीचं ध्वनिमुद्रण?

‘सवाई गंधर्व’सारख्या महोत्सवात एखादा आवाज मनात घर करतो. मग मित्राला त्या गायकाचं काय ऐकायला सांगायचं?

मित्र नवखा असेल तर स्टुडिओतलंच द्यावं. स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या एलपीच्या (लाँग-प्ले तबकडीच्या) एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटं मावत, त्यामुळे विलंबित (संथ लयीतलं गाणं) आणि द्रुत (जलद लयीतलं) आटोपशीर येतात. किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी घ्या: राग पुरता उभा राहतो, पसारा कुठेच नाही.

मात्र प्रत्यक्ष ऐकलेल्याला ही मांडणी तोकडी वाटते. तासभराची बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार), समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) उमटणारी दाद, तबलजीने ऐनवेळी दिलेलं उत्तर हे सारं मैफलीच्या ध्वनिमुद्रणातच सापडतं. गायकाची खरी ओळख तिथेच होते, असं आमचं ठाम मत आहे.

त्यात धोकाही आहे. जुन्या कॅसेटवरून उतरवताना टेप जलद फिरली, तर स्वर चढतो. काळी एकमध्ये (पेटीवरच्या त्या पट्टीच्या सुरात) गाणारा गायक तिच्या लगतच्या वरच्या पट्टीत, पांढरी दोनमध्ये ऐकू आला, तर वेग सुमारे ६ टक्के जास्त आहे. आवाज पातळ लागतो, ताना उगाच घाईच्या वाटतात. असं ध्वनिमुद्रण कुणाला पाठवू नये.

अ‍ॅपवर ऐकताना ‘क्रॉसफेड’ (एक ट्रॅक संपत असतानाच पुढचा सुरू करणारी सोय) शून्यावर ठेवा; नाहीतर विलंबिताच्या शेवटावर द्रुत चढतं. शिफारस करताना राग, ताल, साथीदार आणि कालावधी लिहा. एकाच गायकाचा तोच राग अनेकदा ध्वनिमुद्रित झालेला असतो, नुसत्या नावावरून भलतंच हाती लागतं.