गूल्डचं ‘गोल्डबर्ग’: आधी 1955चं की 1981चं?

पियानोवादक ग्लेन गूल्डच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा घेणाऱ्याची अडचण मला चांगली ठाऊक आहे. एकाच माणसाने, बाखची एकच रचना (एक आरिया, म्हणजे मूळ धून, आणि तिच्या आधारावर रचलेली तीस रूपं, म्हणजे व्हेरिएशन्स), न्यूयॉर्कमधल्या त्याच 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोनदा वाजवून ठेवली आहे. पहिल्यांदा जून 1955 मध्ये, तेव्हा तो 22 वर्षांचा होता. दुसऱ्यांदा 1981च्या एप्रिल-मेमध्ये, 48व्या वर्षी. जाणकार सांगतात, दोन्ही घ्या. बरोबरच आहे. पण आधी कुठलं घ्यायचं आणि पुढे वर्षानुवर्षं हात कुठल्या तबकडीकडे जाणार, हे ठरवावंच लागतं. मी आधी 1981चं घेतलं होतं. आता दोन्ही आहेत, आणि माझं मन एका बाजूला जरा झुकलेलं आहे, हे सुरुवातीलाच सांगतो.

साधारण समज असा की पहिलं द्रुत आणि दुसरं विलंबित. एकूण वेळ पाहिली तर तसंच वाटतं. 1955चं साडेअडतीस मिनिटांत आटोपतं, 1981चं एक्कावन्न मिनिटांच्या वर जातं. सुरुवातीची आरिया तिकडे दोन मिनिटांच्या आत आणि इकडे तीन मिनिटांची. पण थोडं आत शिरलं की हे गणित चुकायला लागतं. पाचवं व्हेरिएशन दोन्हीकडे चाळीस सेकंदांच्या आत संपतं. आणि पंचविसावं, सगळ्या रचनेतलं सर्वांत दुखरं, ते तर तरुण गूल्डनेच जास्त वेळ घेऊन वाजवलंय. वाढलेला काही वेळ पुनरावृत्तींचाही आहे. 1955 मध्ये त्याने एकही घेतली नव्हती, 1981 मध्ये कॅननच्या (एक आवाज म्हणतो तेच दुसरा पाठोपाठ म्हणतो, त्या व्हेरिएशन्सच्या) आणि आणखी काहींच्या पहिल्या भागांची घेतली. तेव्हा ‘मला शांत संगीत आवडतं, म्हणून 1981’ एवढ्यावर निवड करू नये असं मला वाटतं.

1981च्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. त्यात तीसही व्हेरिएशन्स एका लयीच्या धाग्यात ओवलेली आहेत. एकाची लय पुढच्याच्या लयीशी हिशेबाने बांधलेली असते, कुठे निम्मी, कुठे दुप्पट. ज्याच्या कानात ठाय-दुगुनीचा हिशेब बसलाय त्याला हे कुणी न सांगताही जाणवतं. 1955 मध्ये तो विचार नाही. तिथे प्रत्येक तुकडा आपापल्या तोऱ्यात येतो. त्या वेळच्या आपल्या पंचविसाव्याबद्दल गूल्ड स्वतःच नंतर नाराज होता. ते शोपँच्या नॉक्टर्नसारखं, म्हणजे पियानोवरच्या भावुक रात्रगीतासारखं झालंय, असं त्याला वाटायचं. मला ते तसंही आवडतं, पण त्याचं म्हणणं समजतं. आणि 1955ची काही जलद व्हेरिएशन्स इतकी वेगात जातात की बोटांची तयारी ऐकू येते आणि आवाजांची गुंफण हातून निसटते, हेही खरं.

मग माझा तराजू उलटा कशाने झुकला? गुणगुणण्याने.

गूल्ड वाजवताना गुणगुणतो हे मला माहीत होतं. लहानपणापासूनची ती सवय, आणि तिच्याशिवाय आपलं वादन खालावतं असं तो मोकळेपणाने सांगायचा. सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नव्हतं, उलट जवळीक वाटायची. एका रात्री साडेअकराच्या सुमारास हॉलमध्ये आवाज बारीक ठेवून 1981चं लावलं होतं. पंधरावं चालू होतं. पहिल्यांदाच रचना मायनरमध्ये, उदास छटेच्या स्वरांत, उतरते ते. आई पाणी प्यायला उठली होती, ती दारातच थांबली. तिने लग्नाआधी काही वर्षं गाणं शिकलेलं आहे. थोडा वेळ ऐकून म्हणाली, “अरे, मागे कोण गातंय?” मी म्हटलं, “वाजवणाराच गुणगुणतोय, आई.” ती आणखी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सुरात नाहीये पण.”

त्या रात्रीनंतर मला ते न ऐकणं जमलेलं नाही.

पंधरावं कॅनन आहे. वरचा एक आवाज जे म्हणतो ते दुसरा पाठोपाठ उलटं करून म्हणतो. पहिला उतरला की दुसरा चढतो, आणि खाली खर्जाची चाल वेगळीच. कानाला एवढे तीन धागे धरायचे असतात. त्यात चौथा आवाज येतो, तो यांच्यापैकी कुणाचाच नाही, त्याला नेमकी सुरावटही नाही. शेवटी उजवा हात एकटाच वर वर चढत जातो आणि एका उंच सुरावर अधांतरी थांबतो. तिथे मला त्या सुराशिवाय दुसरं काही नको असतं. 1981 मध्ये माझं अर्धं लक्ष तोवर त्याच्या गळ्याकडे गेलेलं असतं.

हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त जाचत असेल का? मला वाटतं, असेल. आमच्या घरात गायिका केसरबाई केरकर आधी आल्या, गूल्ड कितीतरी उशिरा. तानपुरा, तबला, सारंगी सगळं चालू असताना कान गळ्याकडे धावतो, ही आपली लहानपणापासूनची घडण आहे. (1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची ‘जात कहां हो’ आहे, आणि त्याच तबकडीवर गूल्डने वाजवलेला बाखचा एक प्रील्यूड आणि फ्यूगही आहे. दोघं एकाच तबकडीवर आहेत याचा मला फार आनंद वाटतो.) पियानोच ऐकत वाढलेल्या माणसाला ते गुणगुणणं कदाचित खुर्चीच्या करकरीइतकंच वाटत असेल.

1955 मध्येही तो गुणगुणतो, पण मोनो ध्वनिमुद्रणात ते पियानोच्या मागे दबतं. स्पीकरवर मला ते क्वचितच वेगळं ऐकू येतं. हेडफोनवर येतं, तरी त्रास होत नाही. आणि गळा बाजूला झाला की त्या बोटांचं खरं काम दिसतं. प्रत्येक सूर सुटा, कोरडा, टोकदार, आणि तरी वाक्य अखंड. सुरुवातीच्या आरियासाठी त्याने वीस टेक (ध्वनिमुद्रणाचे प्रयत्न) बाजूला ठेवले होते, का ते एकविसाव्यात कळतं. तिच्यात कुठलाही भाव लादलेला नाही. पुढच्या तीस व्हेरिएशन्सना जागा मोकळी ठेवलेली आहे.

1959 मध्ये साल्झबुर्गला झालेल्या मैफलीचंही ध्वनिमुद्रण मिळतं. ते सुंदर आहे, पण पहिलं म्हणून घेऊ नका. 1955चं चांगलं ओळखीचं झालं की मगच त्याची मजा येते.

घेताना दोन गोष्टी पाहा. 1955च्या जुन्या एलपींमध्ये नंतर कृत्रिम स्टीरिओ केलेली एक आवृत्ती फिरते, ती टाळा आणि मोनोच घ्या. 1981चं घेणार असाल तर 2002च्या संचातलं बघा. मूळ डिजिटल टेपऐवजी तेव्हाच समांतर केलेल्या अ‍ॅनालॉग टेपवरून ते केलंय, त्यामुळे पियानोचा आवाज माझ्या कानाला मऊ लागतो. त्याच संचात 1955चंही आहे, म्हणजे पैशांचा प्रश्न नसेल तर तोच घ्यावा. फक्त घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी 1955ची तबकडी लावा, सलग, मध्ये न उठता. दुसरी आठवडाभराने लावली तरी चालेल.