‘पासिंगसकट ट्रेलर’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा

गाडीमागे लावायचा छोटा ट्रेलर बनवून देतो आणि ‘आरटीओ पासिंग माझ्याकडे लागलं’ असं कोणी म्हणत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. माझे 1,02,300 गेलेत. नाशिकचा सिंहस्थ 2027 तोंडावर आलाय, जो तो ट्रेलरवर चहा-मिसळीचा गाडा बांधायचं बोलतोय, आणि हा माणूस अजून त्याच्या शेडमध्ये राजरोस कटिंग-वेल्डिंग करत बसलाय. नाव लिहू नका, असं वकीलबाईंनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही.

आमची मखमलाबाद शिवारात नर्सरी आहे. कुंड्या, मातीच्या गोण्या, कोकोपीट हे सगळं गंगापूर रोडच्या, इंदिरानगरच्या सोसायट्यांत पोचवायचं म्हणजे दर वेळी छोटा हत्ती भाड्याने करायचा. घरची जुनी बोलेरो मात्र दारात उभी. तिच्यामागे सहा बाय चारचा ट्रेलर लावला की भाडं वाचेल, एवढा साधा हिशोब होता. ओळखीच्या एका लँडस्केपवाल्याने या फॅब्रिकेटरचा नंबर दिला. शेड शहराला लागून, पण पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर. या हद्दीने पुढे माझा जीव खाल्ला.

पैशांचं आधी सांगते. ट्रेलर 68,500. बोलेरोला हुक आणि लाइटचं वायरिंग 5,500. पासिंग, टॅक्स आणि ‘वरचा खर्च’ मिळून 23,000. विमा 4,600. नंबरप्लेट 700. यातले फक्त 40,000 यूपीआयने गेले, तेही त्याच्या ‘भाच्याच्या’ खात्यावर. बाकी 62,300 रोख. रोख का दिले, असं ज्याला त्याला विचारायचंय. अहो, आपल्याकडे पासिंगचं काम कोण चेकने करतं? स्कूटर नावावर करायला गेलात तरी एजंट पाकीटच मागतो. आणि समोरचा माणूस ‘ताई, तुम्ही माझ्या बहिणीसारख्या’ म्हणत चहा पाजत असताना पावती मागायला माझी जीभ रेटली नाही. तुमची रेटली असती, तर तुमचं कौतुक आहे.

आता ज्या गोष्टीने मला अजून रात्री झोप लागत नाही, ती. ट्रेलर जवळजवळ तयार झाला होता, लाल रंग अजून बोटाला लागत होता. मी शेडमध्ये उभी असताना त्याने गाडीच्या हुकाला जोडायच्या दांड्याच्या उजव्या बाजूचा रंग ग्राइंडरने घासून हातभर जागा चकचकीत केली. मग अक्षरांचे पंच काढले, हातोडी घेतली आणि एकेक अक्षर ठोकायला लागला. डाव्या हाताला मोबाइल उघडा ठेवलेला. एक आकडा बघायचा, एक ठोकायचा. मध्ये एकदा थांबून त्याने स्क्रीन मोठी करून परत बघितली आणि ‘आठ आहे का तीन’ असं पुटपुटला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, ‘चेसिस नंबर ताई, बाकीचे लोक टाकतच नाहीत, आपलं काम पक्कं.’ मी त्याचा व्हिडिओ काढला! घरच्या ग्रुपवर टाकला, बघा किती व्यवस्थित काम चाललंय म्हणून! नव्या ट्रेलरचा नंबर बनवणाऱ्याच्या रजिस्टरमधून येतो. तो दुसऱ्याच्या फोटोतून वाचून का ठोकायचा? माझ्या नाकासमोर बनावट चालली होती आणि सासऱ्यांनी त्या व्हिडिओखाली अंगठा दिला.

बरं, मी काही डोळे मिटून नव्हते. आरसीचा फोटो आल्यावर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून बघितला होता. एमएच 15 चाच नंबर, स्थिती ‘ॲक्टिव्ह’. मालकाचं नाव ॲप चांदण्या लावून झाकतं, पण पहिलं अक्षर आमच्याच नावाचं. अजून काय तपासायचं माणसाने? खाली सरकवून वाहनाचा प्रकार बघायचा, हे आता कळतंय. तिथे चक्क शेतीचा ट्रेलर लिहिलेलं होतं आणि नोंदणीचं साल 2011. नंबर टाकलात तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा: प्रकार, साल, चेसिसचे दिसतील तेवढे आकडे, विम्याची तारीख. नुसत्या ‘ॲक्टिव्ह’वर जाऊ नका.

फुटलं ते दिंडोरी रोडवर. मीच चालवत होते, म्हसरूळ मागे टाकलेलं, स्पीड साठच्या आसपास. ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला. मी ब्रेक दाबला तसा जास्तच झुलला (अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो, स्टीअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा, हेही नंतर कळलं). एका खड्ड्यात आपटला, हुक सुटला, सेफ्टीची म्हणून लावलेली साखळी दोऱ्यासारखी तुटली आणि गुलाबाच्या कुंड्यांसकट ट्रेलर रस्ता सोडून शेजारच्या शेतात. मागून दुचाकीवर कोणी नव्हतं, ही देवाची कृपा.

त्याच रस्त्याने आरटीओच्या वायुवेग (तपासणी) पथकाची गाडी चालली होती, ती थांबली. निरीक्षक बाई खाली उतरल्या, ठोकलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं, मोबाइलमध्ये बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘हा नंबर 2011 च्या ट्रॅक्टर ट्रेलरचा आहे. रंग तर अजून ओला दिसतोय.’ या सगळ्या प्रकरणात माझ्याशी सरळ बोललेली सरकारी माणसं म्हणजे या एकट्या. त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून जे सांगितलं, ते त्या फॅब्रिकेटरच्या शेडवर पाटी करून लावायला पाहिजे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्याला इंजिन नसलं म्हणून काही सुटका नाही. कलम 39 प्रमाणे नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही. आणि नोंदणी हवी असेल, तर बनवणाऱ्याने त्या मॉडेलची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 खालच्या संस्थेकडून करून घेतलेली असावी लागते, म्हणजे पुण्याची एआरएआय, सीआयआरटी किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई. ते झालं की तो फॉर्म 21 म्हणजे विक्रीचा दाखला आणि फॉर्म 22 म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला देऊ शकतो. आपण फॉर्म 20 म्हणजे नोंदणीचा अर्ज भरायचा. गल्लीतल्या वेल्डरकडे या चाचणीचं मंजुरीपत्र नसेल, तर पासिंग 23,000 मध्येही होत नाही आणि 2,30,000 मध्येही होत नाही. पहिला प्रश्न हाच विचारा: मंजुरीपत्र दाखव. ‘ते आतून होतं’ म्हणाला की उठून या.

असं वाहन बनवून विकणाऱ्याला कलम 182ए खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा वाहनामागे एक लाख दंड, किंवा दोन्ही. कायदा आहे, छान आहे. लावायचा कोणी?

ट्रेलर उचलून नेल्यावर द्वारका चौकाजवळच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांनी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून बघितलं. बोलेरोच्या हुकाचा गोळा 47 मिलिमीटरचा आणि त्यावर बसणारा ट्रेलरच्या दांड्याचा कप 50 चा! म्हणजे पहिल्या दिवसापासून तो सुटायलाच बसला होता. गोळ्यावर माप कोरलेलं असतं, कपावरही असतं. दोन्ही वाचा, एकच हवं. दुसरं म्हणजे एक्सल. भंगारातल्या छोट्या मोटारीचा एक्सल त्याने बरोबर मधोमध बसवला होता, आणि डिलिव्हरीच्या दिवशी एका बोटाने दांडा उचलून दाखवला होता, ‘बघा ताई, कसा बॅलन्स!’ मी टाळ्या वाजवायच्या बाकी होते. काका म्हणाले, तोच तर दोष. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर पडायला पाहिजे. 400 किलो असेल, तर 40 किलो. दांडा हलका झाला की मागचं वजन गाडीला झुलवतं. घरातला वजनकाटा दांड्याखाली ठेवून बघता येतं. एक्सल मध्याच्या थोडा मागे हवा, जड गोण्या पुढे रचायच्या, साखळ्या दोन हव्यात आणि दांड्याखालून फुलीसारख्या घालायच्या. आणि मुळात आपली गाडी किती वजन ओढू शकते ते गाडीच्या पुस्तकात बघायचं, फॅब्रिकेटरला विचारायचं नाही.

विम्याचा कागद? कंपनीला फोन केला, असा पॉलिसी नंबरच अस्तित्वात नाही. कुंड्यांऐवजी त्या शेतात माणूस असता, तर भरपाई कोणाच्या घरातून गेली असती? माझ्याच.

आता पोलीस. शहरातल्या ठाण्यात गेले. म्हणाले, शेड ग्रामीणमध्ये आहे, तिकडे जा. तिकडे गेले. म्हणाले, यूपीआय तुम्ही घरून केलं ना, मग गुन्हा शहरात घडला, शहरात जा. मी म्हटलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावा लागतो. अंमलदाराने मान वर करून विचारलं, ‘मॅडम, तुम्ही वकील आहात का?’ नाही. ‘मग मिस्टरांना घेऊन या.’ माझे पैसे, माझी नर्सरी, गाडी मी चालवत होते, आणि तक्रार मिस्टरांनी द्यायची! पुढच्या वेळी साहेब बंदोबस्ताला, त्याच्या पुढच्या वेळी रजेवर. मग एकदा भेटले आणि म्हणाले, हे दिवाणी स्वरूपाचं प्रकरण आहे, साधा अर्ज द्या. अर्ज दिला. पोच मागितली, तर शिक्का सापडेना. बनावट आरसी, ठोकलेला चेसिस नंबर, खोटा विमा, हे दिवाणी कधीपासून झालं? भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) फसवणुकीसाठी नाही तर कशासाठी आहे? आणि वर जाता जाता दम: ‘खोट्या नंबरचं वाहन तुमच्याच ताब्यात आहे, गुन्हा दाखल केला तर पहिलं नाव तुमचं येईल.’ म्हणजे जिला लुटलं, तीच आरोपी. घाबरून गप्प बसावी, हाच हिशोब. बऱ्याच जणी बसतही असतील. त्या माणसाच्या शेडबाहेर आजही दोन नवे ट्रेलर रंगवायला टेकवून ठेवलेत, मी स्वतः बघून आले.

ठाण्यात तोंडी कटकट करत बसू नका. अर्ज लेखी, दोन प्रती, पोच नाही दिली तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. नोंदवून घेत नसतील, तर 173(4) प्रमाणे पोलीस आयुक्तांना किंवा ग्रामीण भाग असेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. त्यानंतरही हलले नाहीत, तर न्यायदंडाधिकारी आहेत. यूपीआयची रक्कम ज्या खात्यावर गेली, त्याचं नाव आणि समोरच्या माणसाचं नाव वेगळं असेल, तर तिथेच थांबा. भाचा, मेहुणा, पार्टनर काही ऐकू नका. नंबरप्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला नंबर दिसतो का बघा. माझ्या 700 रुपयांच्या प्लेटवर नुसता उठावदार पत्रा होता.

आयुक्त आणि अधीक्षक दोघांनाही अर्ज पाठवलाय. जिल्हा ग्राहक आयोगाची तक्रारही तयार होतेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. ‘माझ्या हुशारीचा पुरावा’ म्हणून काढलेला तो पंचिंगचा व्हिडिओ आता जोडपत्र क्रमांक एक आहे. त्यात त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, ‘आठ आहे का तीन’. वकीलबाई म्हणतात, आणखी एक-दोन फसलेले लोक सोबत आले, तर पोलिसांना दिवाणीचं तुणतुणं वाजवता येणार नाही. तुमच्याकडे गेल्या वर्षभरात नाशिक परिसरात बनवलेला लाल किंवा निळा सहा बाय चारचा ट्रेलर असेल, तर आज दांड्याच्या उजव्या बाजूला हात फिरवून बघा. ग्राइंडरने घासलेल्या जागेवर वाकडे ठोकलेले आकडे लागले, तर तो रस्त्यावर काढू नका, रंगही मारू नका, फोटो काढा आणि मला कळवा.