डिंक काढायला 10,700 रुपये गेले आणि बॉनेटचा रंगही गेला

प्रतापनगरात आमच्या घरासमोर कडुनिंब आहे, गाडी त्याच्याच खाली असते. मे महिन्यात नागपुरात सावली सोडून उन्हात गाडी लावणारा माणूस मला दाखवा. डिंकाचे थेंब बॉनेटवर आणि टपावर वाळून टणक झाले होते. गाडी धुणाऱ्या पोराने हात टेकले, म्हणून रिंग रोडवरच्या एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडी साफ करून चकचकीत करून देणाऱ्याकडे, गेले.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. "ताई, हा डिंक क्लिअर कोट खाऊन राह्यला." क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. डिंक काढायचे 1,200, वर 'सिरॅमिक कोटिंग'चे, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराचे, 9,500. त्यातले 2,000 यूपीआयने, तेही भलत्याच कुणाच्या खात्यावर; उरलेले 8,700 रोख. बिल मागितलं, तर म्हणे 18 टक्के जीएसटी वेगळा पडेल.

त्याने लेबल नसलेल्या बाटलीतून पिवळ्या फडक्यावर काहीतरी ओतलं. थिनरचा भपकारा आला. दोन-चार हात फिरले आणि फडकं लाल झालं. माझी गाडी लाल आहे! मी विचारलं, हे लाल काय? "वरचा मळ आहे, ताई." मळ लाल असतो? वरचा पारदर्शक थर शाबूत असेल तर फडक्याला रंग लागतच नाही. पण दुकानात गाड्यांची रांग, पोरं गणवेशात, बोलणं ठाम. तिथे तुम्हीही गप्प राहिला असता. तरी तो लाल डाग डोळ्यांपुढून हलत नाही. त्याच क्षणी किल्ली मागून निघायला हवं होतं.

संध्याकाळी गाडी पाणी मारून, चकचकीत करून दिली. खरं कोटिंग लावल्यावर गाडी निदान दिवसभर पाण्यापासून लांब ठेवतात! ती चकाकी पहिल्याच धुण्यात उतरली, बॉनेटवर फिकट चट्टे उरले. रंगकामाचा अंदाज 13,500.

आणि संताप कशाचा, तर कडुनिंबाचा डिंक पाण्यात विरघळतो. कोमट पाण्याचं ओलं कापड त्यावर ठेवायचं, भिजू द्यायचं, मग मऊ मायक्रोफायबरने टिपायचं. खरवडायचं नाही, तापलेल्या पत्र्यावर तर नाहीच. आंब्याचा चीक पाण्याला दाद देत नाही; त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आधी कोपऱ्यात लावून बघून. थिनर, पेट्रोल, घासणी गाडीजवळ आणू नका.

पोलीस ठाण्यात गेले. "ही फौजदारी बाब नाही, ग्राहक आयोगात जा." एका सरकारी कार्यालयात साहेब जेवायला गेलेले, ते आलेच नाहीत. पुन्हा गेले तर पहिला प्रश्न, बिल कुठंय? अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार! ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि तिथे बसलेल्या माणसाला मी ते सांगायचं? वर "दहा हजारांसाठी कशाला धावपळ करता मॅडम" हा सल्ला फुकट. त्यांच्या खिशातून गेले असते म्हणजे कळलं असतं.

5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. रोख देऊ नका. बाटलीचं लेबल मागा, काम सुरू होण्याआधी बॉनेटचे फोटो काढा. मी तक्रार टाकते आहे. रिंग रोडवर बिलाविना 'सिरॅमिक' करून घेतलं असेल, तर यूपीआयचा स्क्रीनशॉट पुसू नका.