मापाचा कागद देणारं बोरिंगचं दुकान (शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर)

चार स्टार दिलेत. एस.टी.च्या कार्यशाळेत इंजिनांवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचे चार आहेत, हे ध्यानात ठेवून वाचा.

गाडी पुतण्याची. टाटा २५१५, दहा टायरी, आत कमिन्सचं सहा सिलिंडरचं ६बीटी इंजिन. गूळ भरून गुजरातला जाते, येताना मिळेल ते भाडं. गेल्या दिवाळीपासून ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा सोडणाऱ्या नळीतून) धूर फेकत होती आणि फेरीला तीन-चार लिटर ऑइल खात होती. पुतण्या नुसता वरून ओतत राहिला. एप्रिलात संकेश्वरच्या भाड्याला तवंदी घाटात दुसऱ्या गिअरवर गाडीनं मान टाकली, तेव्हा माझ्याकडं आला. गॅरेजवाल्यांनी सांगितलेले आकडे ऐकून त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "तात्या, घरीच बांधूया की." निवृत्त माणूस असं कुणी विचारायची वाटच बघत असतो.

चिंचेखाली पाइपांची तिपाई घोडी उभी केली, तिला चेन ब्लॉक. रिकाम्या इंजिनाचंच वजन चारशे किलोच्या वर जातं, त्यामुळं घोडीच्या पायाखाली फळ्या घातल्या. खोलणं, धुणं, जोडणं घरी होतं. तीन कामं मात्र घरी होत नाहीत: बोअर (पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक), क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि हेड (व्हॉल्व्ह असलेलं वरचं झाकण). त्यासाठी ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा ओतीव सांगाडा, छोटा हत्तीत घालून उद्यमनगर गाठलं.

पहिल्या दुकानात "ठेवून जा, बुधवारी न्या" म्हणाले. ब्लॉककडं बघितलंसुद्धा नाही. तिथनं निघालो. दुसरं म्हणजे हे दुकान. इथल्या मिस्त्रीनं पहिला प्रश्न विचारला, "मामा, पिस्टन आणलेत का?" नाही म्हटलं. "मग माप काढून घ्या आणि पिस्टन घेऊन या. पिस्टन हातात आल्याबिगर मी बोअरला टूल लावत नाही." माझं निम्मं काम तिथंच झालं. पिस्टन एकाच डब्यातले असले तरी एकेकाचं माप शतांशात इकडंतिकडं असतं. ज्याला ते माहीत आहे तो पिस्टन मोजून, त्यावर नंबर टाकून, त्याच्या त्याच्या बोअरला जोडी लावतो. यानं तसंच केलं.

मापं माझ्यासमोर काढली. मी माझा मायक्रोमीटर नेला होता, त्याबद्दल कुणी तोंड वाकडं केलं नाही. उलट मिस्त्रीनं आपलं बोअर डायल गेज माझ्या हातात दिलं. ६बीटीचा स्टँडर्ड बोअर १०२ मिलिमीटर, कंपनीची झिजेची मर्यादा १०२.११६. आमचा सहावा सिलिंडर १०२.१७ निघाला, पाचवा १०२.१४. बाकीचे मर्यादेच्या काठावर. टाटाच्या ६९७ इंजिनावर हात बसलेल्यांसाठी सांगतो, त्यात लायनर (बोअरमधली बदलता येणारी नळी) असतं. जुनं काढा, नवं ठोका. या इंजिनाला लायनर नाही, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये फिरतो. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज, मग एक मिलिमीटर, आणि त्यानंतर स्लीव्ह घालायची पाळी. म्हणजे बोरिंगवाल्यानं एकदा घाण केली की एक आयुष्य वाया गेलं. आम्ही अर्ध्यावर, १०२.५० वर गेलो.

क्रँकचे मेन (ब्लॉकमध्ये फिरणारे गोल भाग) ८३ मिलिमीटरचे आणि बिगएंड (कनेक्टिंग रॉड बसतात ते) ६९ चे. दोन्ही दहा थाऊ उतरवले, म्हणजे पाव मिलिमीटर. जर्नल, म्हणजे हा गोल भाग, नुसता गोल आणि मापात येऊन भागत नाही. जर्नल जिथं वेबला (शेजारच्या पात्याला) मिळतं तिथला कोपरा गोलाईदार राहिला पाहिजे. घाईत दगड काटकोनात घातला तर मापाच्या कागदावर सगळं बरोबर दिसतं आणि क्रँक पुढं कधीतरी भरल्या गाडीत त्याच कोपऱ्यातनं तुटते. मी अशा दोन क्रँका हातात धरलेल्या आहेत. इथं मी रेडियस गेज लावून सगळे कोपरे तपासले, एकही खोट निघाली नाही. ऑइलच्या भोकांच्या कडाही न सांगता मोडल्या होत्या. क्रँक ग्राइंडिंग करणारा तो म्हातारा कुणाशी बोलत नाही, पण त्याचं काम बघून यावं.

हेडमध्ये व्हॉल्व्हच्या दोन सीट आणि सगळे गाइड बदलले, फेसिंग हलकं घेतलं. सीटांच्या मधल्या पट्टीत भेग आहे का हे लाल रंग मारून बघितलं, भेग नव्हती. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काम ठीक झालं.

शेवटी बिलाबरोबर एक कागद दिला. सहा बोअर, प्रत्येकाची वर-मध्ये-खाली आडवी-उभी मापं, सात मेन, सहा बिगएंड, पिस्टनचं माप शेजारी. पेनानं लिहिलेला, ऑइलचा अंगठा उमटलेला. हा कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. कोल्हापुरात कामं चांगली करणारे बरेच आहेत, पण आपण काय केलं ते सहीनिशी लिहून देणारे थोडे.

आता पाचव्या स्टारचं.

क्रँक ऑइल लावून, कागदात गुंडाळून दिली. ब्लॉक मात्र कोरडाच दिला. ताज्या होनिंगचा (घासून बारीक जाळी उमटवलेला) बोअर उघडा ठेवला तर गंज धरायला एक रात्र पुरते, आणि आम्ही घरी पोचलो त्या संध्याकाळी नेमका वळीव आला. ताडपत्री होती म्हणून निभावलं, तरी दोन नंबरच्या बोअरवर तांबूस झाक आली. पन्नास ग्रॅम ऑइल आणि एक फडकं, एवढ्याचा प्रश्न होता.

"धुवून दिलाय" हेही खरं नव्हतं. मुख्य ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचे) प्लग काढून ब्रश घातला तर राखाडी लगदा आला, आणि त्यात चमचमणारा किस. पिस्टनच्या पोटावर ऑइल मारणारे जेट या इंजिनाला असतात, त्यांची भोकं बारीक. तो किस तिथं बसला असता तर पिस्टन कुठला आणि बोअर कुठला! गरम पाणी आणि निरमा घेऊन आम्ही ब्लॉक तीनदा धुतला. जुनं पांढरं धोतर बोअरमधून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत पुतण्याला सोडलं नाही. त्याला वाटलं म्हातारा चळलाय.

आणि बुश. ६बीटीच्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) पुढच्या बाजूला एक बुश, म्हणजे दांडा फिरतो ती कडी, असतो. तो बसवताना बुशचं भोक ब्लॉकच्या ऑइलच्या भोकावर आलं पाहिजे, नाहीतर पुढच्या जर्नलला ऑइलच जात नाही. मी सवयीनं तीन मिलिमीटरचा ड्रिल उलटा धरून भोकात घातला. निम्म्यात अडला. बॅटरी मारून बघितलं तर भोक चंद्रकोरीएवढंच उघडं होतं.

फोन केला. मालक म्हणाला, "आमच्याकडनं असं होत नाही, मामा." फोटो पाठवला. तासभर काहीच उत्तर नाही. मग फोन आला, "ब्लॉक हलवू नका, माणूस पाठवतो." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मिस्त्री स्वतः मोटारसायकलवर, पोत्यात बुशचा ड्रायव्हर आणि नवा बुश घेऊन गावात हजर. बुश काढला, ब्लॉकवर सुईनं रेघ ओढली, नवा बुश रेघेला रेघ लावून ठोकला. मग माझा ड्रिल मागून घेऊन स्वतः घालून बघितला आणि माझ्याही हातून घातला. पैसे घेतले नाहीत. झुणका-भाकरी खाल्ली आणि पिशवीभर कैऱ्या नेल्या. चूक झाली ती झाली, पण चाळीस किलोमीटर येऊन ती निस्तरणारा माणूस मी नोकरीत असतानासुद्धा क्वचित बघितला. म्हणून एकच स्टार कापलाय. नाहीतर दोन गेले असते.

जोडणी दुकानाची नाही, पण त्यांचं काम कसं उतरलं ते तिथंच कळतं. मेन कॅप तीन टप्प्यांत १७६ न्यूटन मीटरपर्यंत आवळले आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हातानं फिरवून बघितली. सातव्यानंतरही दोन बोटांनी फिरत होती. पुतण्या टॉर्क रेंचवर हसायचा, "माझा हात जाणतो" म्हणायचा. त्याला म्हटलं, तुझ्या हातानं एक आवळ, मी मोजतो. त्यानंतर हसला नाही. हेडचे बोल्ट ९०, मग त्यातले लांब तेवढे १२०, मग सगळ्यांना वर पाव फेरा. पाव फेरा कुठला झाला आणि कुठला राहिला हे कळावं म्हणून सुनेच्या नेलपॉलिशनं सव्वीसच्या सव्वीस बोल्टांवर खुणा केल्या. इंजिन गुलाबी ठिपक्यांचं झालंय. टॅपेटची फट इनटेकला ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.५१.

हे इंजिन बांधणाऱ्यांनी आणखी एक बघा. टायमिंग केसच्या (पुढच्या गिअरांच्या पेटीच्या) मागं एक छोटी डॉवेल पिन, म्हणजे जागा धरणारी खिळी, असते. ती वर्षानुवर्षांच्या थरथरीनं सुटते आणि गिअरमध्ये पडते. तिच्या तोंडावर पत्र्याची पट्टी बोल्टखाली दाबून बसवा. दुकानात याचा विषय काढला तर मालकाला ठाऊक नव्हतं, मिस्त्रीला होतं.

पंप आणि इंजेक्टर दुसरीकडं दिले होते, तो वेगळा विषय.

चालू करताना टर्बोत ऑइलकॅननं ऑइल घातलं, स्टॉप ओढून ठेवून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ फिरवला, मग डिझेलमधली एअर काढली. तिसऱ्या सेल्फला पकडलं. थोडा पांढरा धूर आला, मिनिटभरात विरला. शेजारच्या म्हशीनं तेवढी दावण तोडली.

इथं मिस्त्रीचा आणि माझा वाद आहे. त्याचा सल्ला, दोन दिवस गाडी स्लोवर चालू ठेवा, इंजिन "बसतं". मी म्हणतो, याच्याइतकं वाईट काही नाही. स्लोवर सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही, रिंगा भिंतीवर दाबल्या जात नाहीत, होनिंगची जाळी घासून रिंग बसण्याऐवजी बोअरला चकाकी येते आणि नवं इंजिन ऑइल खायला लागतं. आम्ही गळती बघितली, गरम केलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा लोड घालून तवंदी चढवली. तिसरा गिअर, रेटून पण न पिळता. खाली उतरून परत चढवली.

बिल १९,४०० झालं, पहिला बुश धरून. पिस्टन, रिंगा, बेअरिंग वेगळे. पावणेदोन हजार मी घासाघीस करून कमी केले, त्यातही मालक हसत होता. सांगितलेल्या दिवसापेक्षा चार दिवस उशीर झाला. गल्ली अरुंद आहे, ट्रक घेऊन जाऊ नका. दुपारी दीड ते तीन कुणी दाद देत नाही.

गुजरातच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीनंतर ऑइल बदललं, जुन्या ऑइलात चुंबक फिरवून बघितलं, नुसती पूड निघाली, तुकडा नाही. तिसऱ्या फेरीनंतर डिपस्टिक पुतण्यानं पुसून दोनदा घातली, त्याला खरं वाटेना.

जाणार असाल तर पिस्टन घेऊन जा, आपला मायक्रोमीटर न्या आणि ब्लॉक गाडीत चढवायच्या आधी खिशातला तीन मिलिमीटरचा ड्रिल कॅमच्या बुशच्या भोकात घालून बघा. मिस्त्री चिडत नाही, आता तर तोच आधी घालून दाखवतो म्हणे.