'ऑटिझम तपासणी पॅकेज' घेतलं, निदान मात्र दुसरीकडे झालं

लॅबचं नाव लिहीत नाही, कारण असंच पॅकेज विकणाऱ्या जागा बऱ्याच आहेत आणि माझं म्हणणं सगळ्यांनाच लागू आहे. पॅकेजमध्ये होतं ते असं: केसांतल्या धातूंची तपासणी, रक्ताच्या चाचण्यांचा लांबलचक संच, शौचाची तपासणी आणि 'ब्रेन मॅपिंग'. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत '९० टक्के अचूक निदान'. मी पाचपैकी एक तारा देतेय. तोही रक्त काढणाऱ्या मुलीला, कारण तिनं पहिल्याच प्रयत्नात शीर शोधली आणि लेकाला कमीत कमी त्रास दिला.

लेक तेव्हा २८ महिन्यांचा होता. नाव घेऊन दहा हाका मारल्या तरी वळायचा नाही, पण आतल्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरचुरला की धावत यायचा. बाटल्यांची झाकणं रांगेत मांडायचा. बोट दाखवून 'ते बघ' असं त्यानं कधी केलं नव्हतं. बालरोगतज्ज्ञांनी एम-चॅट ही २० प्रश्नांची प्रश्नावली माझ्याकडून भरून घेतली. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते. गुण ८ किंवा जास्त आले तर थेट सविस्तर मूल्यमापनाला पाठवतात. आमचे ११ आले. मूल्यमापनाची तारीख मिळाली पाच महिन्यांनंतरची.

त्या पाच महिन्यांनीच आम्हाला लॅबच्या दारात नेलं. सासूबाई रोज म्हणायच्या, "अगं, रक्त तपासून घ्या, एकदाचं कळेल तरी." मलाही तेच हवं होतं. कागदावर छापलेला एक आकडा, ज्याच्याशी कुणाला वाद घालता येणार नाही.

केस कापायला त्याला आजही सहन होत नाही. मानेजवळून केस काढताना तो इतका किंचाळला की बाहेर बसलेले लोक उठून उभे राहिले. ब्रेन मॅपिंगमध्ये मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख काढतात, त्यासाठी डोक्यावर तारांची टोपी घालतात. ती घालायला दोघांनी त्याला धरून ठेवलं होतं आणि तिसरी मी. रडणाऱ्या, दात आवळणाऱ्या मुलाच्या स्नायूंच्या हालचालीही त्या आलेखात मिसळतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी त्याचे हात धरून बसले होते. या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

अहवाल १४ पानांचा. मेंदूची लाल-हिरवी चित्रं, धातूंचे उभे स्तंभ, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'हा अहवाल म्हणजे निदान नव्हे'. दोन दिवसांनी त्यांच्याकडून फोन आला, "मॅडम, बाळाच्या शरीरात धातू जास्त आहेत, ते बाहेर काढायचा कोर्स सुरू करू या." सोबत पूरक औषधांची यादी, तीही त्यांच्याकडूनच घ्यायची. कृपया इथे थांबा. धातू बाहेर काढण्याच्या या उपचारादरम्यान २००५ साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाचा जीव गेलाय. केसांच्या तपासणीवरून ऑटिझम ओळखता येत नाही, आणि त्या आकड्यांवर लहान मुलाला असा उपचार देणं धोक्याचं आहे.

आता त्या ९० टक्क्यांचं. हे गणित मी वहीत मांडलं, तुम्हीही मांडून बघा. हजार मुलं घ्या, त्यांतल्या १० जणांना ऑटिझम आहे असं धरा. चाचणी दोन्ही बाजूंनी खरोखर ९० टक्के अचूक असेल, तर त्या १० पैकी ९ सापडतील. पण उरलेल्या ९९० मधल्या ९९ मुलांनाही ती 'आहे' म्हणेल. म्हणजे 'आहे' असं सांगितलेल्या १०८ मुलांत खरी ९. आधीच शंका असलेली मुलं घेतली तर हे प्रमाण सुधारतं, हे खरं. पण माहितीपत्रकावर यातलं काहीच नव्हतं: कोणत्या मुलांवर तपासलं, कशाशी ताडून बघितलं, काहीही नाही.

मूल्यमापन झालं तेव्हा लेक ३३ महिन्यांचा होता. खोलीत गालिचा, थोडी खेळणी, विकासात्मक बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ. त्या ज्या पद्धतीनं खेळल्या तिला एडॉस म्हणतात. त्यांनी साबणाचे बुडबुडे उडवले, मग बाटलीचं झाकण घट्ट लावून ती त्याच्या हातात दिली आणि गप्प बसल्या. त्यानं त्यांचं मनगट धरलं, हात झाकणावर नेऊन ठेवला. तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. हे तो घरी रोज करायचा आणि मला ते हुशारीचं वाटायचं. हुशारी आहेच त्यात. पण मदत मागताना माणसाच्या चेहऱ्याकडे न बघणं ही त्यांच्यासाठी नोंद होती. मग बाहुलीचा वाढदिवस, मग खोलीतल्या दूरच्या खेळण्याकडे नजरेनं खुणावणं. त्यानंतर तासभर मला प्रश्न: पहिलं हसू, पहिला शब्द, आलेले आणि परत गेलेले शब्द. घरातले व्हिडिओही त्यांनी बारकाईनं बघितले.

मी लॅबचा अहवाल पुढे केला. डॉक्टरांनी तो पूर्ण वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "ऑटिझम ठरतो तो वागण्यावरून आणि वाढीच्या इतिहासावरून. उद्या एखादं यंत्र आलं, तरी ते बरोबर की चूक हे ठरवायला अशाच एखाद्या खोलीतल्या माणसाच्या मतापाशी यावं लागेल."

मी नंतर वाचलं तेव्हा याचा अर्थ नीट कळला. मुलाची नजर पडद्यावर कुठे जाते हे टिपणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेत निदानाला मदत म्हणून मान्यता आहे. २०२३ मध्ये ४७५ लहान मुलांवरचा त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांनी ऑटिझम सांगितलेल्या दर १०० मुलांपैकी ७१ त्या यंत्रानं ओळखली, आणि ऑटिझम नसलेल्या दर १०० पैकी सुमारे ८१ बरोबर वगळली. हा प्रामाणिक, उपयोगी आकडा आहे. तरीही शंभरातली २९ निसटली, आणि मोजपट्टी तज्ज्ञांचं मत हीच होती.

मूल्यमापनाला मी चार तारे देते. एक कापला तो पाच महिन्यांच्या प्रतीक्षेसाठी. शिवाय बघणारं माणूस अनुभवी नसेल तर चूक होऊ शकते, विशेषतः मुलींच्या बाबतीत, कारण त्यांच्यातली लक्षणं पुष्कळदा उशिरा ओळखली जातात. आणि एक महत्त्वाचं: स्पीच थेरपी सुरू करायला निदानाच्या कागदाची वाट बघावी लागत नाही. आम्ही ती बघितली, याची मला खंत आहे.

सगळ्या तपासण्या फोल आहेत असं मात्र समजू नका. श्रवणाची बेरा चाचणी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आधीच करून घेतली होती, लेक झोपेत असताना. हाकेला न वळणारं मूल ऐकू न येणारंही असू शकतं, म्हणून ती हवीच. झटके येत असतील तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, हवा. निदानानंतर डॉक्टरांनी दोन जनुकीय तपासण्या सुचवल्या: गुणसूत्रांचा एखादा बारीक तुकडा कमी-जास्त आहे का हे बघणारी मायक्रोअ‍ॅरे, आणि फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकाराची तपासणी, आणि स्वच्छ सांगितलं की यातून कारण सापडलं तर सापडेल, निदान बदलणार नाही. अशी कारणं थोड्याच मुलांत सापडतात, पण सापडली तर पुढच्या बाळाचा विचार करताना आणि सोबतच्या इतर आजारांवर लक्ष ठेवताना उपयोग होतो.

तो अहवाल गेल्या महिन्यात आला. दोन्हीत काही सापडलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे ऑटिझम नाही ना?" मी त्यांना शेजारी बसवून बुडबुड्यांच्या बाटलीचा तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सांगितला.