उभ्या गाडीची बॅटरी: छोटा चार्जर लावावा, पाना फिरवावा की शेजाऱ्यांकडे चावी द्यावी?

साताऱ्याच्या आमच्या घरी पोर्चमध्ये बाबांची पेट्रोल हॅचबॅक असते. आईबाबा वर्षातून दोनदा ताईकडे राहायला जातात, दर वेळी दीड महिना. परत आल्यावरचा प्रसंग ठरलेला. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणणार, बोनेटखालून नुसती टकटक ऐकू येणार, आणि बाबा कुंपणापलीकडे हाक मारणार, "अहो, जरा धक्का मारायला येता का?" अशाने तीन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. दुसरी बदलली तेव्हा मी मल्टिमीटर विकत आणला आणि जो तो सांगतो ते उपाय एकेक करून पाहिले. रोजचे आकडे स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहीत गेले. बाबा म्हणाले, "अगं, गाडी म्हणजे काय दुभती म्हैस आहे का, रोज धार मोजायला?"

तर धारेचा हिशोब आधी.

गाडी बंद केली तरी ती पुरती झोपत नाही. रिमोटची वाट बघणारा सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, घड्याळ, म्युझिक सिस्टिमची मेमरी, अलार्म, सगळे थोडं थोडं पीत राहतात. धडधाकट गाडीत हे पिणं साधारण 20 ते 50 मिलिअँपिअर असतं. आमच्या गाडीत 25 भरलं. म्हणजे दिवसाला 0.6 अँपिअर-तास (बॅटरीतल्या साठ्याचं माप), दीड महिन्यात 27. बॅटरी आहे 35 अँपिअर-तासांची, आणि ती स्वतःहूनही थोडी उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. दीड महिन्यानंतरची टकटक या वजाबाकीतच आहे. (स्वतः मोजणार असाल तर मीटर निगेटिव्ह वायर आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा, 10 अँपिअरच्या रेंजवर, आणि अर्धा तास थांबा. दार उघडलं की गाडी जागी होते, तेव्हाचा आकडा खोटा. मीटर जोडलेला असताना सेल मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज तरी जाईल.)

व्होल्टेजचं कोष्टक पाठ करण्याइतकं सोपं आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी 12.6 किंवा वर दाखवत असेल तर बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली गेली तर तळ दिसायला लागला. आमची दहाव्या दिवशी 12.41 होती, विसाव्या दिवशी 12.21. निम्म्याखाली उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट घट्ट होत जातं आणि मग चार्ज केलं तरी पूर्ण सुटत नाही. बॅटरी मरते ती अशी. सेल मारल्याने नाही, उपाशी ठेवल्याने.

शेजारी, वॉचमन आणि दहा मिनिटं

सगळ्यात लाडका उपाय: "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेवा." तो आम्हीही वर्षानुवर्षं केला. मला तो सगळ्यात वाईट वाटतो, आणि का ते दाखवते.

विसाव्या दिवशी सकाळी 12.21 होते. शेजारच्या काकांनी नेहमीप्रमाणे गाडी चालू केली, दहा मिनिटं जागच्या जागी घरघरवली, बंद केली. लगेच मीटर लावला तर 12.8! काका खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावला: 12.24. आदल्या दिवशीचा आकडा वरवरच्या चार्जचा होता, रात्रीत ओसरला. दहा मिनिटांत जेमतेम एक-दोन दिवसांची गळती भरून निघाली होती. आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) मुळात कमी करंट देतो, त्यात पंखा चालतो, एसी लावला तर आणखी. शिवाय तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, आणि पेट्रोल जातं ते वेगळंच.

हाच उपाय धड करायचा तर गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणायला हवी. काकांनी दर रविवारी आमची गाडी घेऊन वाढे फाट्यापर्यंत जाऊन यावं ही अपेक्षा आईला प्रशस्त वाटेना, आणि मलाही. घरातलंच कुणी चालवणारं मागे असेल तर मात्र यासारखा उपाय नाही. टायर, ब्रेक, इंजिन ऑइल, सगळ्यांचंच भलं होतं.

10 नंबरचा पाना

खर्च जवळजवळ शून्य. निगेटिव्ह टर्मिनलचा नट सैल करायचा, वायर काढून बाजूला कापडात गुंडाळून ठेवायची. बहुतेक छोट्या गाड्यांना 10 नंबरचाच पाना लागतो. गळती बंद. उरते ती बॅटरीची स्वतःची घट, महिन्याला काही टक्के. दीड-दोन महिने उभी राहणाऱ्या भरलेल्या बॅटरीला हे पुरतं. "भरलेल्या" हा शब्द विसरू नका. उतरलेली बॅटरी सोडवून ठेवली तर ती उतरलेलीच राहते आणि सल्फेट आपलं काम करत राहतं.

गैरसोयी आहेत. घड्याळ आणि रेडिओ परत लावावा लागतो, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागते, काचा एका टिचकीत वर जाणं बंद होतं ते पुन्हा शिकवावं लागतं, पहिले काही किलोमीटर आयडलिंग जरा अडखळतं. रिमोट चालत नाही, दार चावीनेच उघडायचं. बटणवाली चावी असेल तर तिच्या पोटात लपलेलं पातं आधी काढून, कुलपात फिरवून बघा. बाबांनी पहिल्यांदा वायर काढली तेव्हा चावी मागच्या डिकीत ठेवून डिकी आपटायच्या बेतात होते. अलार्मही बंद असतो, रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सोलर पॅनल

डॅशबोर्डवर ठेवायची 5-10 वॉटची पट्टी. तळघरातल्या पार्किंगमध्ये अर्थातच निरुपयोगी, पत्र्याच्या शेडखालीही. बऱ्याच गाड्यांत 12 व्होल्टचं सॉकेट चावी काढली की बंद पडतं, म्हणजे पॅनल तिथे खोचून काहीच होत नाही. थेट टर्मिनलला जोडावं लागतं. ऐन पावसाळ्यात फारशी आशा नको. उघड्यावर, उन्हात, वीज नसलेल्या शेतघरावर जीप उभी असते अशांनी घ्यावं, बाकीच्यांनी पुढे वाचावं.

छोटा चार्जर, पण कोणता?

इथे दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला जुन्या पद्धतीचा ट्रिकल चार्जर: आत ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, वर एक दिवा. लावला की बारीक धार सुरू, आणि ती थांबत नाही. बॅटरी भरली तरी करंट चालूच, व्होल्टेज 15 च्या वर सरकतं, पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातं. झाकणं असलेल्या जुन्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून वेळ मारून नेता यायची. आताच्या सीलबंद मेंटेनन्स-फ्री बॅटरीत गेलेलं पाणी गेलंच. एक रात्र लावायला हा ठीक, दीड महिना लावून गावाला जायला अजिबात नाही.

दुसरा, ज्याला मेंटेनर किंवा स्मार्ट चार्जर म्हणतात, तो बॅटरी बघून वागतो. आधी पूर्ण करंट, मग 14.4 व्होल्टच्या आसपास थांबून करंट कमी करत नेणं, आणि भरली की 13.2 ते 13.8 च्या दरम्यान नुसतं धरून ठेवणं, यालाच फ्लोट म्हणतात. गळती जेवढी, तेवढीच भर. आमच्याकडे 1 अँपिअरचा आहे. निम्मी बॅटरी भरायला त्याला जवळजवळ पूर्ण दिवस लागला; अर्धा युनिटही वीज गेली नसेल. पुढे तग धरून ठेवण्याचा खर्च महिन्याला एक-दोन युनिटांचा. दीड महिन्यानंतर आईबाबा आले त्या सकाळी चार्जर काढून, तासभर थांबून मोजलं: 12.74. गाडीने पहिल्या झटक्यात सेल घेतला. काका कुंपणाशी येऊन उभे होते, सवयीने.

किमती दीड-दोन हजारांपासून सुरू होतात, नावाजलेले त्याच्या दुप्पट-तिप्पट. खोक्यावर "ट्रिकल" आहे की नाही हे बघण्यापेक्षा दुकानदाराला चार प्रश्न विचारा. भरल्यावर फ्लोटवर जातो का, की नुसता बंद होतो? वीज जाऊन आली तर आपोआप पुन्हा सुरू होतो का? (आपल्याकडे हा प्रश्न ऐच्छिक नाही. काही चार्जर वीज आल्यावर बटण दाबेपर्यंत गप्प बसतात आणि तुम्ही ताईकडे असता.) पोर्चमध्ये पावसाचे शिंतोडे चालतील का? आणि स्टार्ट-स्टॉप असलेली (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी) गाडी असेल तर तिच्यातल्या एजीएम प्रकारच्या बॅटरीसाठी वेगळा मोड आहे का?

त्याच्या मर्यादाही ऐका. अगदी मेलेली बॅटरी बऱ्याच स्मार्ट चार्जरना ओळखूच येत नाही, ते एरर दाखवून बसतात. घाईतही तो कामाचा नाही. सकाळी आठला लावून नऊला ऑफिसला निघणार असाल तर जंपर केबल किंवा जंप स्टार्टरचा पॉवर बँक हाच मार्ग. आणि ज्या बॅटरीचं वय झालं आहे तिला कुठलाही चार्जर तरुण करत नाही.

जोडताना लाल क्लिप पॉझिटिव्हला, मग काळी गाडीच्या बॉडीवरच्या उघड्या धातूला किंवा इंजिनला, आणि शेवटी प्लग भिंतीत. काढताना बरोबर उलटं. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा हिशोब ठेवणारा चौकोनी सेन्सर असेल तर काळी क्लिप टर्मिनलवर लावूच नका, सेन्सरला हिशोब कळत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी आली असेल तर आधी गरम पाणी आणि खायचा सोडा, मग कोरडं करून पेट्रोलियम जेलीचं बोट. चार्जरची वायर बोनेटखालून बाहेर घेताना फट ठेवू नका. आमच्याकडे तिथून उंदीर आत गेला आणि वॉशरची नळी खाल्ली. चार्जरचा दोष नाही, माझा.

मग तुम्ही काय करावं?

गाडी आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास चालत असेल तर काहीच नाही, पैसे ठेवा. रोज फक्त दूध-भाजीपुरती एक किलोमीटर जात असेल तर मात्र तीही उपाशीच आहे. महिन्यातून एक रात्र चार्जर लावा.

दोन आठवड्यांहून जास्त उभी राहते आणि गाडीजवळ स्वतःचा प्लग आहे: डोळे मिटून मेंटेनर. नव्या बॅटरीला चार-पाच हजार लागतात, एक बॅटरी दोन वर्षं जास्त टिकली तरी वसूल.

सोसायटीत राहता, पार्किंगमधला सॉकेट कॉमन मीटरवर आहे: आधी कमिटीला लेखी विचारा, महिन्याचे दोन युनिट भरतो म्हणून सांगा. तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून एक्स्टेन्शन सोडू नका. पावसाळ्यात ते कुणाच्या तरी जिवावर बेतेल. परवानगी मिळाली नाही तर निघायच्या आदल्या दिवशी गाडी तासभर फिरवा आणि पाना फिरवून जा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या पुण्याच्या सोसायटीत महिनोन् महिने गाड्या उभ्या होत्या. जून उजाडला तेव्हा बॅटरीवाला रांगेने एकेक बोनेट उघडत होता. तळमजल्यावरच्या आजोबांनी मार्चमध्येच वायर काढून ठेवली होती, त्यांची गाडी तेवढी सुरू झाली.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी जरा जास्त काळजी घ्यावी, कारण तिला धक्का मारून सुरू करता येत नाही. कितीही काका जमले तरी.

एक शेवटचं, अनुभवाचं. चार्जर लावला की स्टिअरिंगला लाल फडकं बांधा. बाबांनी एकदा वायरीसकट गाडी फाटकापर्यंत नेली होती. प्लग भिंतीतून निसटला म्हणून निभावलं, क्लिपचा एक दात अजून वाकडा आहे.