एनएचसीएक्स: क्लेम सुटसुटीत, पण निदानाची ओळ वाचून घ्या

हॉस्पिटल आणि विमा कंपनी यांच्यात क्लेमची देवाणघेवाण करणारी एनएचसीएक्स ही राष्ट्रीय सेवा कॅशलेससाठी चांगली आहे. पूर्वमंजुरी, वाढीव रकमेची मागणी, शेवटचं बिल, सगळं एकाच साच्यात जातं, त्यामुळे टीपीए डेस्कवरच्या, म्हणजे हॉस्पिटलात विम्याचं काम पाहणाऱ्या माणसाला दर कंपनीचं वेगळं पोर्टल उघडावं लागत नाही. विमा नियामक इर्डाच्या 2024 च्या नियमानुसार कॅशलेसचा निर्णय 1 तासात आणि डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत मिळायला हवी. आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खातं, असेल तर त्याचा 14 आकडी नंबर ॲडमिशनलाच द्या. गोव्यात हमखास अडतं ते नावावर: आधारवर नाईक 'आय'ने, पॉलिसीवर 'वाय'ने. हे आधीच जुळवून घ्या.

उपचार सुधारायला क्लेमच्या याच माहितीचा मोठा उपयोग आहे, आणि तिथे ही सेवा अपुरी पडते. मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट होऊन) जातो, मधला दुवा असलेली एनएचसीएक्स तो वाचत नाही. गोपनीयतेसाठी हे योग्यच. म्हणजे अभ्यास करायचा तर विमा कंपनीने किंवा योजनेने, नावं काढून. 2016 पासून चालू असलेल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेने हे मनावर घ्यावं. बेळगावला जाऊन केलेली शस्त्रक्रिया आणि महिन्याभरात म्हापशात पुन्हा झालेलं ॲडमिशन एका हॉस्पिटलच्या फायलीत एकत्र दिसत नाही, क्लेममध्ये दिसू शकतं.

पण क्लेम बिलापुरतंच बोलतो. शुगरची तपासणी झाल्याचं कळतं, आकडा कळेलच असं नाही. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलच्या (जीएमसीच्या) ओपीडीत वर्षानुवर्षं जाणारा रुग्ण तर बहुतेक वेळा त्यात नसतोच. त्यात निदानाचा कोड घाईत टाकलेला असतो. टाइप 2 मधुमेहाने पायाचा रक्तपुरवठा बिघडून बोट काढावं लागलं तर आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत ई11.5 हवा, ई11.9 पडला की त्याचा अर्थ 'गुंतागुंत नाही'. असे पाय मोजणीतून गळले, तर पाय तपासणाऱ्या क्लिनिकची गरजच कागदावर दिसणार नाही. आमच्या मते सगळ्यात घातक दोष हाच.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'डायबेटिस' लिहिलं असेल तर डॉक्टरांना पूर्ण निदान लिहायला सांगा: कुठला प्रकार, कुठला अवयव, डावा की उजवा. कोड त्या ओळीवरूनच पडतो. शेवटचं बिल जाण्याआधी हे पाच मिनिटांत होतं. नंतर दुरुस्तीला पत्र, शिक्का आणि कंपनीची क्वेरी लागते.